ना बैठकीतलं, ना कागदावरचं

माझ्या टेबलावर दोन लाकडी खोकी असत. एकावर मी माझ्याच अक्षरात 'बैठक' असं लिहून चिकटवलं होतं, दुसऱ्यावर 'कागद'. लोणावळ्यात रेल्वेच्या लाइनीचं ऑफिस होतं, तिथे मी कारकून होतो. घाटातले रूळ, त्यांखालच्या मोऱ्या, दरडी आणि त्यांच्यावर राबणारी माणसं, एवढ्या सगळ्याचा कारभार दोन खोल्यांतून चाले. दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं. नवे साहेब बदलून आले आणि त्यांनी आल्या आल्या नियम केला, की कामाची कोणतीही गोष्ट एक तर बैठकीत बोलायची, नाही तर कागदावर लिहायची. येता-जाता, दारात उभं राहून, चहाची कपबशी हातात धरून कुणी काही सांगायचं नाही. आणि कोणती गोष्ट कोणत्या खोक्यात जाईल, हे ठरवायचं मी.

मला आधी त्याचा मोठेपणा वाटला. टाकवे बुद्रुकच्या शेतकऱ्याचा मुलगा मी, चार इयत्ता इंग्रजी शिकून खुर्चीत बसलो होतो. गावी गेलो तेव्हा वडिलांना फुशारकीनं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे दोनीकडच्या शिव्या तुलाच." वडिलांना कुणाचं कौतुक करायची सवय नव्हती.

नियम वेडेपणाचा होता असं मी म्हणणार नाही. साहेब आपल्यातलेच, गोरे नव्हेत, मुंबईकडचे, शिकलेले. कधी कुणाला शिवी दिली नाही, आणि आमच्या लाइनीवर ही नवलाचीच गोष्ट होती. आधीच्या ठिकाणी तोंडी हुकमावरून एका मुकादमावर बालंट आलं होतं. हुकूम देणारा मागाहून 'मी असं बोललोच नाही' म्हणाला आणि मुकादम घरी गेला. ते साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांचं गणित सरळ होतं: जे सगळ्यांना लागू आहे, ज्यात एकमेकांचं ऐकायला हवं, त्याला बैठक. जे एकाचंच आहे, ज्याचा पुरावा राहायला हवा, त्याला कागद. आजही मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. याहून बरा नियम मला सुचत नाही आणि तीच माझी अडचण आहे.

सुरुवातीला गंमत होती. साहेबांच्या आणि माझ्या खोलीत लाकडी फळ्यांची भिंत होती. त्यांना शिंक आली तर मला ऐकू येई, आणि तरी मी त्यांना कागद पाठवी. शिपाई तो घेऊन दारातून बाहेर जाई, व्हरांड्यातून फिरून दुसऱ्या दारानं आत शिरे. एकदा गोदामात साप निघाला. तिथला हमालकाम करणारा खलाशी धापा टाकत माझ्याकडे आला. साप हा सगळ्यांना लागू असतो की एकट्याचाच, यावर मी जरा विचार केला आणि कागद लिहिला. साहेबांनी वाचून 'ताबडतोब कार्यवाही व्हावी' असा शेरा मारला. तोवर साप कंटाळून निघून गेला होता. साहेब स्वतःही त्यावर हसले, पण नियम बदलला नाही.

आधीचे साहेब अगदी उलट्या तऱ्हेचे होते. म्हातारे, तोंडाचे फाटके, लिहायचा मनस्वी कंटाळा. त्यांचा सगळा कारभार ट्रॉलीवर. चार माणसं रुळांवरून ट्रॉली ढकलायची, साहेब छत्री धरून बसायचे, आणि मधेच एखाद्या मोरीपाशी ट्रॉली थांबवून, खाली उतरून, कुणाशी तरी दगडावर बसून बोलायचे. तिथे जे बोलणं व्हायचं त्याला ना साक्षीदार, ना सही. कुणाची बायको आजारी आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला कुठे नेमायचं, हे सगळं तिथेच मिटे. ते नोकरी संपवून गेले तेव्हा ऑफिसात त्यांची म्हणून एक काठीसुद्धा राहिली नाही. आणि त्यांनी जे जे ठरवलं होतं, त्याचं कारणही कुठे राहिलं नाही.

त्यातलीच एक गोष्ट आबांची होती.

आबा खंडाळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत राहात. पावसाळ्यात घाटाच्या लाइनीवर गस्त घालायला त्या वाडीचीच माणसं असत. दरड कोसळली, रुळाखालची माती वाहून गेली, की पुढे धावत जाऊन गाडी थांबवायची, हे त्यांचं काम. गस्त जोडीजोडीनं चाले. आबांच्या जोडीला त्यांचा चुलतभाऊ होता. आबांना लाइनीवरचे सगळे जण आबाच म्हणत, मीही म्हणे. आणि आबांना ऐकू येत नव्हतं.

तरुणपणी घाटात सुरुंगाच्या कामावर होते, तेव्हा कान बसायला लागले. पुढे ते वाढतच गेलं. मी नोकरीला लागलो तेव्हा पाठीमागून इंजिन आलं तरी त्यांना कळत नसे. ही गोष्ट वाडीला ठाऊक होती, ट्रॉलीवाल्यांना ठाऊक होती, मला ठाऊक होती, आणि म्हाताऱ्या साहेबांनाही नक्कीच ठाऊक होती. कुणी कधी उच्चारली नाही. दोघा भावांमध्ये एक लांब काठी असे. पुढचं टोक आबांच्या हातात, मागचं भावाच्या. दोघांच्या डोक्यावर पावसासाठी पानांची इरली. गाडीची चाहूल लागली की भाऊ काठी ओढायचा आणि आबा रुळावरून बाजूला व्हायचे. नजर मात्र आबांची चांगली होती. समोरचं त्यांना दिसायचं, मागचं भावाला ऐकू यायचं. दोन माणसं मिळून एक गस्त पुरी होत होती, आणि गाड्या सुखरूप जात होत्या.

नव्या साहेबांनी पावसाळ्याआधी नकाशा काढला. जोड्या फोडून एकेकट्यानं गस्त घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा टापू येतो, आणि तेवढ्याच माणसांत घाट दुप्पट वेळा नजरेखालून जातो. कागदावर हे बिनतोड होतं. "हे सगळ्यांना लागू आहे," साहेब मला म्हणाले, "तेव्हा बैठक घ्या. मला त्यांचं म्हणणं ऐकायचंय."

गोदामाच्या पत्र्याखाली बैठक झाली. वाडीची माणसं उकिडवी बसली. साहेबांनी समजावून सांगितलं, अगदी नीट, न चिडता, दोनदा. मग विचारलं, "कुणाला काही अडचण आहे?"

कुणी बोललं नाही. एकानं जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढल्या. चुलतभावानं पागोट्याचा शेव सोडला आणि पुन्हा खोवला. आबा पुढच्याच रांगेत होते. सगळे गप्प आहेत एवढं त्यांना दिसत होतं, म्हणून तेही गप्प होते. अळीमिळी गुपचिळी. साहेबांनी पुरेसा वेळ वाट पाहिली, हे मला सांगितलंच पाहिजे. मग ते म्हणाले, "ठीक. म्हणजे सर्वांना मान्य."

मी मावळातला आहे, मला त्या वाड्यांची रीत ठाऊक होती. माझे वडील आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, माणसं सांगायला डोंगरातल्या वाडीवर जात. परत आले की आई विचारी, "काय म्हनाली मान्सं?" वडील म्हणत, "काय बी न्हाई म्हनाली. म्हंजे येत न्हाईत." तोंडावर 'नाही' म्हणणं त्या माणसांत फार वाईट समजत. दारी आलेल्या माणसाला, वयानं किंवा मानानं मोठ्या माणसाला, 'नाही' असं कुणी म्हणायचं नाही. गप्प बसायचं. समजणाऱ्यानं समजायचं आणि तंबाखू खाऊन उठायचं. हो असेल तर मात्र लगेच बोलतात, चार माणसं एकदम बोलतात. त्या दिवशी पत्र्याखाली अख्ख्या वाडीनं साहेबांना नाही म्हटलं होतं. साहेबांनी ते हो म्हणून लिहून घ्यायला सांगितलं, आणि लिहिणारा मीच होतो.

मी लिहिण्याआधी बोललो. म्हटलं, "साहेब, ती माणसं हो म्हणाली नाहीत."

"नाही तरी कुठे म्हणाली?"

"गप्प बसली म्हणजे नाहीच. त्यांच्यात तशी रीत आहे."

साहेब हसले. "असं असेल तर माझी बायको सोडून अख्ख्या जगानं मला नाहीच म्हटलंय." मग गंभीर होऊन म्हणाले, "हे बघा, मी वाईट माणूस नाही. त्यांची हरकत असेल तर मला लेखी द्या. कारण लिहा, खाली अंगठे घ्या. मी जरूर विचार करीन." त्यांच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. हरकतीला कागद.

रविवारी मी वाडीवर गेलो. पायवाटेनं चढताना मनात मजकूर जुळवत होतो. वाडीत मात्र सगळे बोलत होते, इतके की कुणाचं ऐकावं कळेना. आबांच्या बायकोनं, मी त्यांना मावशी म्हणे, कोरा चहा दिला. आबा कुडाला टेकून बसले होते आणि माझ्याकडे पाहून हसत होते. मी आलो याचा त्यांना आनंद झाला होता. कशासाठी आलो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी कागद काढला तसा चुलतभाऊ म्हणाला, "बाबू, कारन काय ल्हिवनार?"

मी पेन्सिल कागदावरून उचलली.

"ल्हिवा की. आबाला ऐकू येत न्हाई म्हनून ल्हिवा. मंग डाक्टर बोलीवत्याल त्याला. डाक्टर काय सोडतुय व्हय? आबा घरी. आन इतकी वरसं माज्या बी तोंडाला कुलूप व्हतं, म्हनून म्या बी घरी. माजी पोरं काय खात्याल?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, कारण दुसरं लिहू. धुकं आहे, सुटे दगड येतात, एकट्या माणसाला लागलं तर उचलायला कुणी नाही. मी तसं लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, छान लिहिलंय म्हणाले. अंगठ्याची गोष्ट काढली आणि पुन्हा सगळे गप्प. शेवटी मावशी बोलल्या. "आमच्या सासऱ्यानं धरनाच्या तळ्याच्या येळंला जमिनीच्या कागदावर एक अंगटा दिलता बाबू. लय ग्वाड बोलून घेतला त्येनी. तितं आता पानी हाय." पगाराचा अंगठा ती माणसं देत, कारण हाताला रोकडा पैसा लागे. मजकुराखाली अंगठा द्यायचा नाही, हे वाडीत ठरलेलं होतं. मी तो बिनअंगठ्याचा अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि उतरलो. वाटेत मला त्यांचा राग आला, साहेबांचा आला, आणि ज्या वडिलांनी मला शाळेत घातलं त्यांचाही आला.

मी माझ्या नावानं सूचना लिहिली, की धुक्याच्या दिवसांत तरी जोड्या राहाव्यात. साहेबांनी सुंदर अक्षरात उत्तर दिलं. सूचनेबद्दल आभार मानले होते. पुढे होतं, की बैठकीत सर्वांची संमती मिळालेली असल्यामुळे आता बदल करता येत नाही. बैठकीत गेलो तर कागद आणा, कागद आणला तर बैठक झाली आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालं.

मग मी एक दिवस नियम मोडला. हातात काहीच न घेता साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "बैठकीचं आहे की कागदाचं?"

"दोन्ही नाही साहेब. नुसतं सांगायचंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या मनात काय आलं मला ठाऊक नाही, पण आवाज मऊ झाला. म्हणाले, "एकट्याला येऊन कानात सांगितलेलं मी ऐकत नाही, त्याला चहाडी म्हणतात. पण समजा ऐकलं. मला जे कळेल ते मला लिहावं लागेल. कळूनही न लिहिणारा साहेब मी नाही. आता सांगायचं असेल तर सांगा."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आबांची आणि त्यांच्या भावाची नोकरी माझ्या जिभेनं गेली असती. "काही नाही साहेब," म्हटलं आणि वळलो. म्हाताऱ्या साहेबांची मला त्या क्षणी इतकी आठवण झाली की डोळे भरून आले. त्या फाटक्या तोंडाच्या माणसाला दगडावर बसून हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. खरं तर सांगावंही लागलं नसतं.

पावसाळा लागला. जोड्या फुटल्या. चुलतभावाला खालचा टापू मिळाला, आबांना खंडाळ्याकडचा. मला रोज सकाळी ऑफिसात शिरताना भीती वाटे. तारघराचा माणूस व्हरांड्यात दिसला की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघे. पण दिवस गेले आणि काही झालं नाही. मी देवाचे आभार मानले. आभार कुणाचे मानायचे ते मला नंतर कळलं.

श्रावणात एकदा कामासाठी मी खंडाळ्याला पायी निघालो होतो. घाटात धुकं इतकं, की दहा पावलांवरचं दिसेना. समोरून दोन इरली आली. मधे काठी. मला वाटलं, भाऊच चोरून येतो आहे. जवळ आल्यावर पाहिलं, तर मागच्या इरल्याखाली मावशी. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय चिखलानं भरलेले, काठीचं टोक मुठीत घट्ट. आबा मला पाहून हसले, झेंडी हलवली आणि पुढची पाहणी करायला रुळाकडे वाकले. मावशी थांबल्या.

"रोज येता?"

"मंग? येकलं सोडू व्हय त्यास्नी?"

"आवणी?"

"ऱ्हायली. जावेनं क्येली तेवडी क्येली." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाबू, तुमी काय बगितलं न्हाई."

मी म्हटलं, मी काही बघितलं नाही. तेवढ्यात त्यांनी काठी ओढली. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं. आबा सरळ झाले आणि बाजूला आले, आणि मग बोगद्याकडून गाडीचा आवाज आला. आम्ही तिघं कडेला उभे राहिलो. गाडी गेली. डब्यांच्या खिडक्या पावसामुळे बंद होत्या.

पुढे हे सगळ्यांनीच पाहिलं असणार, आणि सगळ्यांनीच पाहिलं नाही. ट्रॉलीवाले त्या वळणावर आले की माना फिरवत. पण इंजिनवाल्या लोकांना आमच्या माणसांचं काय? कुण्या ड्रायव्हरनं लिहून कळवलं, की घाटात रुळांवर एक बाई फिरताना दिसते. तो कागद माझ्याच टेबलावर आला. तो मी कोणत्या खोक्यात टाकणार होतो? साहेबांनी त्यावर हुकूम लिहिला: नोकरीत नसलेल्या कोणाही माणसाला गस्तवाल्यानं लाइनीवर आणू नये, आणल्यास नोकरी जाईल. हुकूम म्हणजे कागद. पण माणसं वाचणारी नव्हती, म्हणून तो बैठकीत वाचून दाखवायचा ठरला. वाचायचा मी.

पुन्हा तो पत्रा, पुन्हा ती उकिडवी रांग. आबा पुढे बसले होते आणि माझ्या तोंडाकडे पाहात होते. साहेब माझ्या शेजारी. मी आवाज चढवला असता तरी आबांना ऐकू गेलं नसतं, आणि हातवारे केले असते तर साहेबांना कळलं असतं. मी वाचत गेलो आणि आबा दर वाक्याला मान डोलावत गेले. इतरांनी माना खाली घातल्या होत्या. एकटे आबाच हसतमुखानं ऐकत होते. साहेब मला नंतर म्हणाले, "तो पुढचा म्हातारा बघितलात? किती लक्ष देऊन ऐकतो."

बाहेर जांभळीखाली मावशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "ऐकलंत ना? आबांना सांगा घरी गेल्यावर. माझ्यानं इथे सांगवत नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई सांगायची."

"नोकरी जाईल."

"सांगितलं तर मला येऊ द्यायचे न्हाईत. हुकूम म्हनला की मोडायचे न्हाईत त्ये. येकलंच जात्याल." मग आत पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "नोकरी गेली तर मानूस तरी ऱ्हाईल बाबू."

मी आबांना स्वतः सांगू शकलो असतो. खुणा करून, वाडीवर जाऊन. त्यानं काय झालं असतं, ते मावशींनी सांगितलंच होतं. मी कितीदा विचार केला तरी त्यातून दुसरी वाट निघाली नाही, आजही निघत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

श्रावण सरला, गणपती आले, गेले. पाऊस ओसरायला लागला होता, थोडेच दिवस राहिले होते. मला वाटायला लागलं होतं की हे वर्ष निभावतं. मग एका दुपारी साहेब स्वतः ट्रॉलीवर तपासणीला निघाले आणि खंडाळ्याच्या वळणावर त्यांना ती दोघं सापडली. मी बरोबर होतो. मावशींनी काठी ओढून आबांना बाजूला घेतलं होतं. साहेबांनी ट्रॉली थांबवली. मावशींना विचारलं, "इथे कशाला आलात?" मावशींनी पदर पुढे ओढला आणि गप्प राहिल्या. साहेबांनी काठीकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. आबांनी सलाम केला. परत येऊन ऑफिसपाशी उतरताना साहेब म्हणाले, "चौकशी घ्यावी लागेल. लेखी."

चौकशी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब विचारणार, आबा उत्तर देणार, मी लिहिणार. मावशींना शिपायानं अंगणापलीकडे फाटकाशी उभं केलं होतं. आबांनी धुतलेलं पागोटं बांधलं होतं. त्यांना वाटत होतं, हे काही तरी मानाचं बोलावणं आहे, किंवा वाटत नसेलही. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

साहेबांनी विचारलं, "हुकूम वाचला तेव्हा तुम्ही बैठकीत होता?"

आबांनी साहेबांच्या ओठांकडे पाहिलं. "व्हय, सायेब."

"ऐकलात?"

"व्हय, सायेब."

"ऐकूनही बायकोला लाइनीवर आणलंत?"

"व्हय, सायेब."

साहेब थांबले. माझ्याकडे न बघता, जरा पुढे झुकून, हळू म्हणाले, "हे बघा आबा. हुकूम तुम्हाला नीट कळला नसेल, तर तसं आत्ता सांगा. मी तसं लिहीन. मग शिक्षा होणार नाही." त्यांना खरंच वाचवायचं होतं, हे त्यांच्या आवाजात मला ऐकू आलं. आबांना ते हळू बोलणं दिसलंही नसेल. प्रश्न संपला एवढं त्यांना कळलं.

"व्हय, सायेब," आबा म्हणाले, आणि हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरोबर बोललो ना, अशा नजरेनं.

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. ते बोललो असतो तर आबांची नोकरी हुकूम मोडल्यावरून न जाता कानावरून गेली असती, एवढाच फरक, आणि जोडीला त्यांच्या भावाचीही. मी प्रश्न लिहिले आणि प्रत्येकापुढे उत्तर लिहिलं. कागद फिरवून आबांपुढे ठेवला. आयुष्यात मजकुराखाली कधी न दिलेला अंगठा त्यांनी शाईत बुडवून दिला, कारण साहेबांसमोर काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायला मावशी जवळ नव्हत्या. मग सलाम करून बाहेर गेले.

साहेबांनी कागद समोर घेतला, पेन उघडलं. खिडकीतून मला फाटक दिसत होतं. मावशी पुढे आल्या आणि त्यांनी हातानं विचारलं, काय झालं. आबांनी आमच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता, लाइनीवर ते खाली मान घालून दोन शब्द बोलत. पण बायकोशी ते घरी बोलत तसे बोलले. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस जसा बोलतो, तसे, पार अंगण ओलांडून आत येईल इतक्या मोठ्यानं.

"काय इचारलं कुनाला ठावं. म्या आपलं सगळ्याला व्हय म्हनलो."

साहेबांचं पेन 'नोकरीवरून कमी करावे' या शेऱ्याखाली टेकलेलं होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.